सार्जंट डाल्बीची धुलाई

केसलर
९ ऑगस्ट

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण आपलं ठरलंय तसं. मागच्या निवडणुकीत तू माझ्यावर फोन आपटलास आणि मग नाताळला दोघंही एकाच टेबलाशी बसून बटाट्यांशी बोलत होतो. राजकारण फक्त टपालाने, हा तुझाच नियम. पत्र पोचेपर्यंत निम्मा राग वाटेतच उतरतो.

तुमच्या पक्षाने उपाध्यक्षपदासाठी आपल्या माजी गव्हर्नरबाईंचं, कोरीन डाल्बीचं नाव जाहीर केलं आणि युनिसच्या कॅफेत एकच दंगा उसळला. ऑर्व्हिल नुटसन दारातूनच हसत आत आला. तालुक्यात आमच्या पक्षाचा तो सर्वेसर्वा, आणि शाळेपासूनचा माझा मित्र. म्हणाला, ही बाई जन्मभर 'मी युद्धात होते, मी युद्धात होते' म्हणून सांगत फिरली, आणि आता बाहेर काय आलंय ठाऊक आहे का, तर ती कपडे धुण्याच्या तुकडीत होती! सैनिकांच्या चड्ड्या धूत होती म्हणे, आणि आता देश सांभाळणार. सगळ्या टेबलाने मुठी आपटल्या. मीही हसलो. अर्धवट.

मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. सौदीच्या वाळवंटात त्याच तुकडीत मीही होतो, हे एकदमच त्यांच्या लक्षात आलं. ऑर्व्हिल घाईघाईने म्हणाला, अरे, तुझी गोष्ट वेगळी. कशी वेगळी ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

गैरसमज नको. ती मला आवडत नाही. गव्हर्नर असताना तिने गावोगावच्या लहान शाळा बंद करून एकत्र केल्या, म्हणून माझी नात आज उजाडायच्या आत बससाठी उभी असते. आणि तिकडे वाळवंटात सार्जंट असताना तिने एका शर्टाचा वास घेतला, साबण राहिलाय म्हणाली, आणि ट्रकभर कपडे आम्हाला पुन्हा धुवायला लावले. ते मी मेलो तरी विसरणार नाही.

गुडघा बरा आहे. तुझी बाग कशी आहे ते कळव. मतं पटली नाहीत तरी माया पातळ करू नकोस.

तुझा धाकटा,
व्हर्लिन

---

डे मॉइन
१६ ऑगस्ट

चि. व्हर्लिन यास,
अ. उ. आ.

आजोबा झालास तरी माझ्या पत्रात तू चिरंजीवच, तेव्हा तोंड वाकडं करू नकोस.

इथे तर गंमतच चालली आहे. तुमच्या लोकांनी डाल्बीबाईंच्या सभेबाहेर साबणाच्या पावडरीचे खोके आणून रचले. मग आमच्या बायका काय गप्प बसतात? आता प्रत्येकीच्या कोटाला कपड्याचा चिमटा. मीही लावते. आमच्या इमारतीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधून त्यावर तिच्या नावाचे टॉवेल वाळत घातलेत. समोरच्या मिसेस प्रुइट तुमच्या पक्षाच्या. त्यांनी काल त्यावर मुद्दाम आपले ओले गाऊन टाकले, म्हणाल्या, दोरी सगळ्यांची आहे.

पण व्हर्लिन, एक गंभीर बोलू का? घरी स्वतःची चादर कधी न धुतलेला माझा भाऊ तिकडे काय करत होता, ते तू आम्हाला धडपणे कधी सांगितलंच नाहीस. बाबा लोकांना सांगायचे, मुलगा रसद खात्यात होता. कपडे धुण्याचा विषय त्यांनी जिभेवर येऊ दिला नाही. तू तिथेच बसलेला असायचास आणि खाली मान घालून जेवायचास. मला सगळं दिसायचं.

तू तिच्याबरोबर होतास. टीव्हीवर बडबडणाऱ्यांपैकी एकही नव्हता. तोंड उघड ना! तिची आरती ओवाळ असं मी म्हणत नाही. जे होतं ते सांग.

टोमॅटो यंदा भरपूर आलेत, गुडघ्याला शेक घे. मोठी बहीण आहे, उपदेश करणारच, तो गोड मानून घ्यावा.

तुझी,
आर्डिस

---

केसलर
२ सप्टेंबर

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

तोंड उघडलं. आता वाच पुढे काय झालं ते.

आमच्या जत्रेत दरवर्षी डुकरांच्या शर्यतीआधी भाषणं असतात. ऑर्व्हिल घरी आला, माझ्या बायकोच्या हातचा रुबार्बचा गोड 'पाय', म्हणजे भाजलेला केक, दोनदा मागून घेतला आणि मग मुद्द्यावर आला. म्हणाला, टीव्हीवाले येणार आहेत, तू तिच्या तुकडीतला माणूस, तू नुसतं एवढंच म्हण की ती काही खरी सैनिक नव्हती. बाकी आम्ही बघतो. मी म्हटलं, मग मी कोण होतो? तो म्हणाला, व्हर्लिन, उगाच फाटे फोडू नकोस.

मंचावर चढलो. समोर सगळं गाव, हातात मक्याची कणसं. मी म्हटलं, ही बाई मला बिलकुल आवडत नाही. हुकूम सोडायची हौस तेव्हाही होती, आताही आहे. तिने आमची शाळा बंद केली, मी तिला मत देणार नाही. टाळ्या झाल्या. ऑर्व्हिल तर नाचायचाच बाकी होता.

मग मी म्हटलं, पण ती तिथे होती. क्षेपणास्त्राचा भोंगा वाजला की आम्ही पळत सुटायचो, आणि ती खंदकाच्या तोंडाशी उभी राहून एकेकाचं नाव घ्यायची. सगळे आत आले की मग शेवटी ती. एकदा मी घाबरून न्हाणीच्या तंबूतच बसून राहिलो, तर विषारी गॅसचा मुखवटा लावून मला शोधायला आली आणि कॉलर धरून घेऊन गेली. वाटेत शिव्याही घातल्या. त्या तंबूत आघाडीवरून आलेली पोरं अंगावरची वाळू धुवायची, आणि आम्ही त्यांना स्वच्छ कपडे द्यायचो. हे काम होतं, मी केलंय, आणि यापुढे माझ्यासमोर त्याला कोणी हसायचं नाही.

ताई, एकाने टाळी वाजवायला सुरुवात केली आणि शेजाऱ्यांकडे बघून थांबवली. एक बाई ओरडली, खाली उतर. ऑर्व्हिलने माझ्या हातातून माईक ओढून घेतला आणि डुकरांची नावं वाचायला लागला.

तेव्हापासून कॅफेत तो खिडकीजवळच्या टेबलावर बसतो आणि सगळे त्याच्याबरोबर. माझ्याकडे एकटा हार्लन उरलाय. त्याला एका कानाने ऐकू येत नाही आणि खुर्ची बदलायचा कंटाळा येतो, तेव्हा ही दोस्ती आहे की आळस, मला कळत नाही. युनिस कॉफी ओतते, बोलत नाही.

असो. तू तरी बोलत राहा.

तुझा,
व्हर्लिन

---

डे मॉइन
२० सप्टेंबर

चि. व्हर्लिन यास,
अ. उ. आ.

अरे, तू टीव्हीवर! डाल्बीबाईंच्या जाहिरातीत! 'ती तिथे होती' म्हणालास आणि मी स्वयंपाकघरातच रडले. चर्चच्या तळघरात आमच्या समितीचं जेवण होतं, तिथे मी सगळ्यांना दाखवलं. माझा भाऊ, म्हटलं, जन्मभर पलीकडच्या पक्षात होता, आता डोळे उघडले. बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि एकीने तुझ्यासाठी विणलेला मफलर दिला. त्यावर चिमट्याचं चित्र आहे. पाठवते.

मित्रांचं मनावर घेऊ नकोस. इथे तुला शंभर मैत्रिणी मिळाल्यात. बायकोला हे वाचून दाखवू नकोस.

अभिमानाने फुगलेली,
आर्डिस

---

केसलर
२७ सप्टेंबर

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

मफलर पाठवू नकोस.

तू एक जाहिरात पाहिलीस. आमच्याकडे दोन लागतात. एकात मी म्हणतो, ती तिथे होती, कॉलर धरून घेऊन गेली. दुसऱ्यात तोच मी, तोच सदरा, आणि मी म्हणतो, ही बाई मला बिलकुल आवडत नाही. बातम्यांच्या आधी मी तिची स्तुती करतो, बातम्यांनंतर तिला झोडपतो. वाणसामानाच्या दुकानातल्या पोरीने विचारलं, काका, यातले खरे तुम्ही कोणते? मी म्हटलं, दोन्ही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फुकटात अंडी मागितली.

दोन्ही पक्षांनी माझ्यावर कात्री चालवली, त्याचं मला वाईट वाटलं नाही. त्यांचा धंदाच तो. पण तुला तर मी सगळं भाषण लिहून कळवलं होतं. तुला पहिला अर्धा ठाऊक होता. तरी तू त्या बायकांना सांगितलंस की माझे डोळे उघडले. माझे डोळे उघडेच होते, ताई. बाबांनी मला रसद खात्यात घातलं, तू मला तुमच्या पक्षात घातलंस. मी जिथे होतो तिथे कोणीच मला राहू देत नाही.

रागावून लिहिलंय, पण फाडत नाही.

व्हर्लिन

---

डे मॉइन
८ ऑक्टोबर

प्रिय व्हर्लिन,

आज चिरंजीव नाही, आशीर्वादही नाहीत. आज मोठेपणा बाजूला ठेवते. चुकले.

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग चर्चच्या तळघरात गेले आणि तुझं सगळं भाषण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्यांना दाखवलं. म्हटलं, माझा भाऊ आपल्याला मत देणार नाही, आणि तरी तो खोटं बोलला नाही. जिने मफलर विणला होता, तिने तो परत मागितला. समितीच्या बाईंनी मला सांगितलं, आर्डिस, निवडणूक होईपर्यंत तू कॉफीचंच बघ. म्हणून सध्या मी कॉफी बघते. पाद्रीबुवा मात्र खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसत होते. म्हणाले, तुझ्या भावाला एकदा प्रवचनाला बोलव.

मिसेस प्रुइटनाही मी सगळं सांगितलं. त्यांनी दोरीवरचे आपले गाऊन काढून नेले.

राग गेला असेल तर दोन ओळी टाक. नसेल तर चार टाक.

तुझी,
आर्डिस

---

केसलर
१२ नोव्हेंबर

ती. आर्डिसताईस,
सा. न. वि. वि.

राग केव्हाच गेला. पेन सापडत नव्हतं.

तुमची उमेदवार हरली. तू रडली असशील. मी आनंदाने नाचलो असतो, पण खरं सांगू, टीव्हीवर ती हार मान्य करत होती तेव्हा कार्यकर्त्यांना नावानिशी हाका मारून आभार मानत होती, आणि मला टीव्ही बंद करवला नाही. मत कोणाला दिलं ते विचारू नकोस.

काल माजी सैनिकांचं जेवण होतं. मी जाणारच नव्हतो. बायकोने कोट अंगावर चढवला आणि दाराबाहेर ढकललं. जेवणाआधी तिथे रिवाज आहे, एकेकाने उठायचं, नाव सांगायचं, तुकडीचं नाव सांगायचं, बसायचं. काम कोणी सांगत नाही. माझी पाळी आली. मी म्हटलं, व्हर्लिन टॉर्वेसन, कपडे धूत होतो. आणि बसलो. ऑर्व्हिलच्या टेबलावर कोणीतरी खाकरलं.

माझ्यानंतर दूधवाला क्लेटन उठला. म्हणाला, टाइपरायटर बडवत होतो, मेलेल्यांच्या घरी जायची पत्रं. त्याच्या बायकोलाही हे ठाऊक नसावं, ती वळून त्याच्याकडे बघतच राहिली. मग एकजण म्हणाला, पाव भाजत होतो. एकजण म्हणाला, जीपची टायरं. ऑर्व्हिलची पाळी आली तेव्हा तो लालबुंद झाला होता. मला वाटलं, आता भाषण ठोकणार. तो म्हणाला, जर्मनीत होतो, जनरलसाहेबांच्या कुत्र्याला फिरवायचो, आणि कुत्रा मला चावायचा. ताई, अख्खं सभागृह हसलं, आणि पहिल्यांदाच त्या जेवणात कोणी कोणाला हसत नव्हतं.

शेवटी हार्लन. आमच्यात खरा आघाडीवर लढलेला तेवढाच एक, व्हिएतनाममध्ये. तो दरवर्षी नावसुद्धा पुटपुटूनच सांगतो. काल उठला आणि उभाच राहिला. म्हणाला, तीन आठवडे चिखलात होतो, सोबतचे बरेच गेले होते. मागे आणलं तेव्हा एका तंबूत गरम पाणी होतं. बाहेर आलो तर एका पोराने हातावर शर्ट ठेवला. कोरडा, घडी घातलेला, अजून कोमट. मी तो तोंडावर दाबून धरला आणि तिथेच बसून रडलो, आणि त्या पोराने पुढच्याला थांबवून ठेवलं, माझं रडणं होईपर्यंत. त्याचं नाव मला विचारायचं सुचलं नाही.

मग तो माझ्याकडे वळला आणि हात पुढे केला. म्हणाला, त्याचं राहिलं, तुझं तरी मिळू दे. आणि ज्याच्याबरोबर मी इतकी वर्षं कॉफी पितोय, त्या माणसाने सगळ्यांदेखत मला माझं नाव विचारलं. मी सांगितलं.

नाताळला ये. बटाटे आम्ही करतो, तू नुसतं बोल.

तुझाच,
व्हर्लिन