गिटारची दांडी आणि पाच स्प्रिंगा

॥ श्री ॥

येलहंका, बेंगळूर
ता. ६ ऑक्टोबर १९९५

चि. संताजीस अक्काचा आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे धडधाकट आहेत. तूही असशील असं धरून चालते, कारण तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले आणि मस्कतात टपालपेटी नाही असं मी कुठे ऐकलेलं नाही.

कामाचं आधी लिहिते. आपला गिटारवाला नागराज आपला ऑर्केस्ट्रा सोडून दुसऱ्या पार्टीत गेला. गेला तर गेला. पण कर्नाटक राज्योत्सवाचा कार्यक्रम मी घेऊन बसले आहे, २६ नोव्हेंबर, रविवार, आपल्याच येलहंक्यात. गिटारशिवाय ऑर्केस्ट्रा म्हणजे नुसता बडवाबडवीचा धंदा. तेव्हा गिटार तुझी दिव्यश्री वाजवणार. ओरडू नको. ओरडलास तरी इथवर ऐकू येणार नाही.

पोरीची आई अलका वारली तेव्हा पोर माझ्या ओटीत घालून तू दुबई-मस्कत करत फिरलास. आता ती कॉलेज संपवून बसली आहे. तू टाकून गेलेली लाल गिटार तिने कधीच हातात घेतली, आणि नागराजपेक्षा बरी वाजवते. तुला कळवलं नाही, कारण तू विचारलं नाहीस.

एकच अडचण आहे. त्या गिटारला जी लोखंडी दांडी आहे ना, दाबली की सगळे सूर खाली झुकतात, सोडली की वर येतात, ती सोडल्यावर सूर जागेवर येत नाहीत. आधी थोडं चुकायचं, आता फार. पोरगी दर गाण्यानंतर खुंट्या पिळत बसते. लोक काय खुंट्या पिळणं बघायला येतात?

माझ्याकडून काही कमी पडलेलं नाही. खंडेनवमीला सगळी वाद्यं पुजली. ड्रम, कीबोर्ड, स्पीकर, तुझ्या भावजींचा टेम्पोसुद्धा. गिटारच्या तर सगळ्या तारा एकदम काढल्या, खोबरेल लावून पुसली आणि वरपासून खालपर्यंत कुंकवाची बोटं ओढली. तरी ऐकत नाही. उपाय लिही, लवकर लिही. अक्षर वाकडं आहे, चौथीपर्यंतचं आहे, वाचून घे.

माया आहे तेवढी असू दे, पत्रं थोडी वाढव.
तुझी अक्का
राजलक्ष्मी

---

मस्कत
ता. १७ ऑक्टोबर १९९५

ती. अक्कास संताजीचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र पोचलं. भावजींना नमस्कार. मी बरा आहे. हॉटेलात रोज संध्याकाळी वाजवतो, ऐकणारे जेवत असतात, त्यामुळे कोणाचं कोणाकडे फार लक्ष नसतं. मला ते बरं वाटतं.

अक्का, दिव्यश्रीला स्टेजवर चढवू नकोस. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात हंबीरराव सुपरवायझर आहेत, तू ओळखतेस. पॅकिंगला शिकलेल्या मुली घेतात, कंपनीची बस येते. मी त्यांना पत्र टाकलं आहे. डिसेंबरपासून ये म्हणतील.

आणि ती गिटार विकून टाक. ती सुरात राहत नाही हे मला कोणी सांगायला नको. होसूरचा कार्यक्रम तू विसरली असशील, मी विसरलेलो नाही. गाण्याच्या ऐन मध्यात एक तार तुटली. तारा ज्या लोखंडी घोडीवर बसतात, ती घोडी एक तार गेली की मागे ओढली जाते, आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. एका तारेपायी अख्खी गिटार बेसूर. लोक हसले, शिट्ट्या झाल्या, आणि मी गाणं तसंच टाकून खाली उतरलो. परत त्या गावात गेलो नाही. इथे माझ्याकडे दुसरी गिटार आहे, तिच्या घोडीमागे मी लाकडाचा तुकडा ठोकून ठेवला आहे. हलायचंच नाही. दांडी काढून पेटीत टाकली.

माझ्या मुलीवर त्या शिट्ट्या येऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं. राग मानू नकोस. लोभ पूर्वीसारखाच ठेव.

तुझा
संताजी

---

येलहंका
ता. २७ ऑक्टोबर १९९५

चि. संताजीस आशीर्वाद. वि. वि. गिटार विकणार नाही. पुढे वाच.

तुझं पत्र दिव्यश्रीला वाचायला दिलं. लपवाछपवी मला जमत नाही. तिने दोनदा वाचलं आणि मला सांगितलं की बाबांना कळव, सव्वीस तारखेला मी एकदा वाजवणार. गिटारने दगा दिला आणि लोक हसले, तर सोमवारी सकाळी मी स्वतः हंबीररावकाकांच्या दारात उभी राहीन आणि गिटारचं नाव काढणार नाही. पण नीट झालं तर बोम्मसंद्र्याची बस माझ्याविना जाईल. मी तिला म्हटलं, कशाला शब्द घालतेस, सरळ वाजव. पण ती तुझीच मुलगी. बोलून बसली. म्हणजे आता सगळं त्या दांडीवर येऊन ठेपलं, आणि तू तिथे लाकूड ठोकून निवांत.

तू उपाय लिहिला नाहीस म्हणून मी केला. आपल्या कोपऱ्यावर स्कूटर दुरुस्तीवाला यल्लाप्पा आहे. त्याला बोलावून गिटारच्या पाठीचं झाकण उघडलं. आत पाच स्प्रिंगांची जागा आणि स्प्रिंगा तीनच! मला तिथेच राग आला. अर्धवट काम माझ्या घरात चालत नाही. यल्लाप्पाकडे स्कूटरच्या ब्रेकच्या होत्या, त्यातल्या दोन बसवल्या. तो सारखा म्हणत होता, स्वल्प जड होईल अक्का, स्वल्प जड होईल. मी म्हटलं होऊ दे.

आता घोडी लाकडाला घट्ट चिकटून बसली आहे. तारा खाली येऊन गिटारच्या मानेवर खडखडतात आणि दांडी दाबायला दोन्ही हात लागतात. दिव्यश्रीने सांगून बघितलं की आत्या, हे चुकतंय. माझं म्हणणं, सैल असण्यापेक्षा घट्ट बरं. पुढच्या आठवड्यात खुंट्यांत आणि मिळेल त्या भोकात शिलाई मशीनचं तेल सोडणार आहे. तुझं काही मत असेल तर लिही. नसेल तर सोडते तेल.

मनातली माया कमी करू नकोस, मी तर काही करत नाही.
अक्का

---

मस्कत
ता. ६ नोव्हेंबर १९९५

ती. अक्कास सा. न. वि. वि. तेल सोडू नकोस. सोडलं असलंस तर आधी पूस, मग हे वाच.

त्या ब्रेकच्या स्प्रिंगा आजच्या आज काढ. यल्लाप्पा बरोबर सांगत होता. पुढून तारा घोडीला ओढतात, पाठीमागून स्प्रिंगा ओढतात. दोन्ही ओढी सारख्या झाल्या की घोडी मध्ये तरंगते, आणि दांडी सोडली की आपोआप त्याच ठिकाणी येते. यात घट्ट बरं की सैल बरं असं काही नाही. सारखं बरं. तीन स्प्रिंगा पुरतात.

पाठीत, स्प्रिंगा जिथे अडकवल्या आहेत तिथे, दोन लांब स्क्रू आहेत. ते फिरवून स्प्रिंगांची ओढ कमीजास्त होते. थोडं फिरवायचं, सगळ्या तारा सुरात लावायच्या, घोडी बघायची. तिची मागची कड लाकडापासून आठ आण्याच्या नाण्याच्या जाडीएवढी वर आणि सपाट असावी. नसेल तर परत थोडं, परत सूर. दर वेळी सूर लावावाच लागतो. तुला या कामाचा कंटाळा येईल आणि तू यल्लाप्पाला बोलावशील. म्हणून तू हात लावू नकोस, दिव्यश्रीला करू दे. घोडीच्या पुढच्या कडेला सहा स्क्रू आहेत, तेही आवळलेले नकोत. घोडी डुलली पाहिजे.

दांडी दाबून सोडल्यावर तारा चढलेल्या राहतात की उतरलेल्या, हे तू लिहिलं नाहीस. चढलेल्या राहत असतील तर त्या मानेच्या वरच्या टोकाला, पांढऱ्या पट्टीच्या खाचांत अडकतात. खाली गेलेली तार परत सरकतच नाही. आणि मला खात्री आहे अक्का, त्या खाचांत तू कुंकू भरलं आहेस. वरपासून खालपर्यंत बोटं ओढली असं तूच लिहिलंस. खोबरेल आणि कुंकू एकत्र सुकलं की त्याची खळ होते. जुन्या टूथब्रशने सगळं काढ. मग पेन्सिलीचं टोक खाचांत घास, म्हणजे तार सुळकन सरकेल. तारा बदलताना एक काढायची, एक घालायची. सगळ्या एकदम काढल्यास, तेव्हा घोडी मागे आपटली असणार. खुंटीला दोन-तीन वेढे पुरेत. आणि नवी तार बोटांनी ओढून ओढून ताणायची, ती उतरायची थांबेपर्यंत.

हे मी परवानगी म्हणून लिहीत नाही. चाललेलं चुकीचं काम वाचून राहवेना म्हणून लिहितो. नाहीच जमलं तर लाकडाचा तुकडा ठोका, सांगितलंच आहे. आणि तिला एक विचार, तार तुटली तर काय करणार? ते घोडी कितीही नीट लावली तरी टळत नाही. मी तर उतरून गेलो होतो.

लोभ आहेच, सबुरीही थोडी असावी.
संताजी

---

येलहंका
ता. १९ नोव्हेंबर १९९५

चि. संताजीस आशीर्वाद. वि. वि. चढलेल्याच राहत होत्या. तू तिथे बसून कसं ओळखलंस ते विचारणार नाही, उगीच फुगशील.

टूथब्रश लालभडक झाला. कुंकू म्हणजे काय वाईट वस्तू नाही, पण पुढच्या वर्षी गिटारला फूल वाहीन. ब्रेकच्या स्प्रिंगा यल्लाप्पाला परत दिल्या. मी सांगितलं होतं असं तो म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर होतं.

बाकीचं दिव्यश्रीने केलं. मी समोर बसले होते. थोडं फिरवायची, सूर लावायची, नाणं लावून बघायची, परत फिरवायची. मी दोन वेळा उठून स्वयंपाक केला आणि तरी तिचं चाललेलंच. माझ्या हातून हे झालं नसतं, यात तुझं बरोबर. पण आता दांडी दाबून सोडली की सूर असा येऊन बसतो, जसा दुपारी माणूस आपल्या ठरलेल्या पाटावर येऊन बसतो. तिने मला वीसदा करून दाखवलं. वीस वेळेला मी म्हटलं सरी, सरी, बरं बरं, कळलं, पण ऐकत राहिले.

लाकडाचा तुकडा मी तिच्यासमोर ठेवून बघितला. तुझा निरोप होता, पोचवायला हवा. तिने तो खिडकीला टेकू म्हणून लावला. तार तुटली तर काय, हेही विचारलं. ती परत घोडीला नाणं लावून बघायला लागली. मला विचारू नकोस, मी ऑर्केस्ट्रा चालवते, तारा मी करत नाही. रविवारी काय ते होईल.

देवाला सांगून ठेव. मी सांगितलं तर त्याला ते हुकूम वाटतात.
अक्का

---

येलहंका
ता. २७ नोव्हेंबर १९९५

चि. संताजीस आशीर्वाद. वि. वि. आज सोमवार. बोम्मसंद्र्याची बस सकाळी कोपऱ्यावरून गेली. दिव्यश्री झोपली होती. यातून तुला कळलं असेल, पण तू चिकित्सक, म्हणून सगळं लिहिते.

मैदान भरलं होतं. पहिली गाणी सुरळीत झाली. दांडी दाबायची, सोडायची, सूर जागच्या जागी. पुढच्या रांगेतली पोरं माना डोलवत होती. मी बाजूला उभी राहून अर्धं लक्ष माइकवाल्यावर आणि अर्धं तिच्या हातावर ठेवलं होतं. मग शेवटच्या आधीचं गाणं, ऐन मध्य, आणि पहिली, म्हणजे सगळ्यात बारीक तार तुटली. आवाज तू ओळखतोस. पुढचं तू लिहिलं होतंस तसंच. घोडी मागे गेली, बाकी सगळं चढलं आणि असा काही भेसूर सूर निघाला की कीबोर्डवाल्याने पट्ट्यांवरून हात उचलला. शिट्टी आली. मग दुसरी. खरं सांगते, मला वाटलं, पोरगी उतरते आता.

ती उतरली नाही. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “आत्या, लोकांना धर. मी इथेच तार घालते.” आणि स्टेजवर, सगळ्यांसमोर, मांडी घालून बसली.

मग मी माइक घेतला. मला भाषण येत नाही, दटावणं येतं. कन्नडमध्येच दटावलं. पुढे शिट्ट्या वाजवणाऱ्यांना विचारलं की तुमच्या घरात शिवताना कधी सुईतला दोरा तुटत नाही का, तेव्हा आईला शिट्ट्या मारता का. बायका हसल्या. शिट्ट्या थांबल्या. मग मी सांगितलं की ही माझी भाची, हिने ही गिटार स्वतः लावली आहे, तार कशी घालतात ते बघा, फुकट शिकायला मिळतंय. आणि संताजी, लोक बघायला लागले! मागचे उभे राहिले. वेढे घातले, बोटांनी ओढून ताणली, सूर लावला, परत ताणली, परत लावला. घाई मला होत होती, तिला नव्हती. मग उठून दांडी एकदा पूर्ण खाली दाबली, सोडली. सूर खाली जाऊन वर आला आणि जागेवर बसला. त्याला टाळ्या पडल्या. नुसत्या सुराला, गाण्याला नाही. मग गाणं पहिल्यापासून घेतलं.

खाली उतरल्यावर हंबीरराव भेटायला आले. तेही बघत होते. डिसेंबरचं विचारलं नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आपली पार्टी मिळेल का ते विचारलं. मी म्हटलं बघून सांगते. लगेच हो म्हटलं की लोक किंमत करत नाहीत.

रमजानात तुमच्या हॉटेलात वाजवणं बंद असतं, तेव्हा तू जानेवारीत येशीलच. हंबीररावांकडचं लग्न तेव्हाच आहे. तू आमच्याबरोबर वाजव. लाकूड काढलेली गिटार घेऊन ये. लाल मिळणार नाही, ती तिची आहे, हवी तर तिला विचार. खालच्या ओळी तिच्या आहेत. मी वाचल्या नाहीत, म्हणजे वाचल्या.

माणसावर माया ठेवायला सांगावं लागत नाही, तरी रीत म्हणून सांगते, ठेव.
तुझी अक्का

ती. बाबांस दिव्यश्रीचा सा. न. तार तुटली तर काय, असं विचारलं होतंत. खाली बसायचं. तुमच्या गिटारची दांडी पेटीत असेल तर तीही आणा, मी तुमची घोडी लावून देईन. एक दिवस लागेल.