बाबांच्या पिशवीतले टाळ

रविवार, जेवायच्या आधी

आधी हे लिहिते, नाहीतर राहून जाईल. आज बाबांना चारकोपहून मेट्रोने संगीत महोत्सवाला नेलं. स्टेशनवरच्या तपासणीत त्यांची पिशवी अडवली. आत काय, तर भजनाचे टाळ. मी वैतागले. "बाबा, हे कशाला आणलेत? आपण ऐकायला चाललोय ना?"

"गाण्याक रिकाम्या हातान कोण जाता?"

आमच्या गावच्या भजनात खरंच कोणी नुसतं ऐकत बसत नाही. पण इथे? महोत्सवात मी डोळे वटारले म्हणून टाळ पिशवीतच राहिले. बाबांची बोटं मात्र पूर्ण वेळ पिशवीवर ठेका धरून होती. मला एवढी लाज कसली वाटत होती?

परतताना पुन्हा तपासणी, पुन्हा तेच टाळ. तिथला गार्ड हसला. "चाचा, बजाके दिखाओ ना." मागे महोत्सवातून परतणारी पोरं उभी. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"वाजवा," मी म्हटलं.

बाजूला उभं राहून त्यांनी असे झकास वाजवले, की पोरंही टाळ्या वाजवत नाचायला लागली. वर गाडी आल्याचा आवाज झाला, तसे बाबा घाईघाईने टाळ पिशवीत भरू लागले.

"राहू द्या बाबा," मी म्हटलं. "पुढच्या गाडीने जाऊ."