मताला टाकलेला माणूस

हॅकेट, न्यू हॅम्पशर
शनिवार, १४ मार्च २०१५

चि. एमरी यास,

हेस्टर मावशीचे आशीर्वाद. दाढ काढली का तुझी? तुरुंगाच्या दंतवैद्याची वाट बघता बघता ती आपणहून पडेल असं तू लिहिलं होतंस. पडली असेल तर सांभाळून ठेव, म्हणजे बिल त्यालाच पाठवू.

माझं बरं आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्याइतकाच जुना आहे, त्याला बोलायचा हक्क आहे. मेपलचा रस यंदा उशिरा लागला. रस्त्यावर चिखल एवढा की टपालवाल्याची गाडी परवा चर्चसमोर रुतून बसली आणि तिला ओढायला आलेला ट्रॅक्टरही तिच्या शेजारीच रुतला.

मंगळवारी गावसभा झाली. शाळेच्या हॉलमध्ये, दर मार्चला होते तशीच, आणि सभाध्यक्षाच्या टेबलामागे हातोडा घेऊन मीच. आगीच्या बंबाला नवे टायर घ्यायचे यावर सव्वा तास चर्चा झाली; तेवढ्या वेळात टायर बसवूनही झाले असते. एझ्रा पाइकने सगळ्या ठरावांना 'नाही' म्हटलं. जेवणाची सुट्टी घ्यावी या ठरावालाही 'नाही' म्हटलं आणि मग रांगेत सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला.

जेवणावरून आठवलं. तुझ्या आईने आणलेलं बीन्सचं भांडं यंदा तळापर्यंत रिकामं झालं. तुला कधी लिहिलं नव्हतं, पण तू गेल्यापासून दर सभेला ते भांडं जसंच्या तसं परत जायचं. कुणी काही बोलायचं नाही, फक्त चमचा शेजारच्या भांड्यात जायचा. यंदा लोकांनी मागून मागून वाढून घेतलं. दुकानवाला ड्वाइट तर पाव फिरवून भांडं पुसत होता आणि "नॅडीन, तुझ्या हाताला चव आहे बघ" म्हणत होता. मला इतका आनंद झाला की पाय जमिनीपासून हातभर वर चालत होते म्हण ना.

आई कशी आहे असं तू विचारलंस. बरी आहे. केस कापलेत.

हे बघ, मी इकडचं तिकडचं लिहीत बसलेय हे तुला कळलं असेलच. तुमच्याकडे वर्तमानपत्र येतं. मी लिहिलं नाही तर तू ते छापलेलं वाचशील, आणि ते मला नको आहे. म्हणून लिहिते.

सभेचा शेवटचा विषय तुझा होता.

पंचवीस मतदारांच्या सह्या झाल्या की कुठलाही विषय सभेपुढे येतो, हा आपला जुना नियम. त्या सह्या ड्वाइटने आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर बसून गोळा केल्या. विषय असा: 'एमरी लँग्डन याला सुटकेनंतर हॅकेटच्या हद्दीत राहू देऊ नये.' दोन आठवडे तो कागद पोस्टाच्या दारावर लटकत होता. तुला कळवलं नाही, कारण मला वाटलं, दोन मिनिटांत निकालात काढीन.

कोरीन टीबो रस्त्याच्या कडेने घरी चालली होती आणि तू पिऊन गाडी चालवत होतास. ती गेली. ते तू कधी 'पण' लावून सांगितलं नाहीस, म्हणूनच मी तुला पत्रं लिहीत राहिले. कोर्टाने शिक्षा दिली, तू भोगलीस. लोकांचा राग मला कळतो. राग करायला मताची गरज नसते. मत घेतलं की तो रागच राहत नाही, तो हुकूम होतो.

गावाच्या वकिलाचं म्हणणं मी सभेला वाचून दाखवलं. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला कुठलीही सभा हद्दपार करू शकत नाही. शंभर टक्के मतं पडली तरी तो ठराव रद्दी. म्हणून मी हातोडा आपटला आणि म्हटलं, "हा विषय नियमबाह्य आहे. घरी जा, चिखल वाढतोय."

ड्वाइट उभा राहिला. "बाई, गाव आमचं, कर आम्ही भरतो, मुलगी आमच्या गावची गेली. आम्ही काय ठरवायचं ते तिकडे राजधानीत, काँकॉर्डला बसलेला वकील सांगणार? ही लोकशाही आहे!"

मागून एझ्राचा आवाज आला. "ड्वाइट, दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, ट्रकवर चढून तूच बोंबलतोस ना, की हा देश लोकशाही नाही, प्रजासत्ताक आहे म्हणून? मग आज मध्येच पक्ष बदललास की काय?"

"ते वेगळं!"

"वेगळं कसं? तेव्हा तुझी माणसं कमी होती, आज जास्त आहेत, एवढंच."

हशा पिकला. मला वाटलं, संपलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ड्वाइटचं पहिल्यापासूनचं. आठवीत मी तुम्हाला नागरिकशास्त्र शिकवताना दरवर्षी एका मुलाचा डोनट मताला टाकायची. तुझ्या वर्षी तुझा टाकला होता. सगळ्या वर्गाने हात वर केले, तुझा एकट्याचा खाली, आणि मी विचारलं, "आता हा डोनट कुणाचा?" लोकशाहीत प्रश्न एवढाच की कोण ठरवणार. प्रजासत्ताकात त्याच्याआधी दुसरा प्रश्न असतो, की सगळ्यांनी मिळूनसुद्धा काय ठरवायचं नाही. ड्वाइटला हे मी तुझ्या कितीतरी वर्षं आधी शिकवलं होतं. पेपरात त्याने बरोबर उत्तर लिहिलं होतं!

हशा ओसरल्यावर तो शांतपणे म्हणाला, "अध्यक्षांचा निर्णय मला मान्य नाही. सभेने ठरवावं."

आणि हे नियमात बसतं, एमरी. माझा निर्णय सभा मताने फिरवू शकते. इतक्या वर्षांत कधी कुणी फिरवला नव्हता. आवाजी मत घेतलं, आणि 'फिरवा' एवढ्या जोरात आलं की खिडक्या थरथरल्या. ही सगळी माझी मुलं. यांची नाकं मी पुसलीत. आणि तरी मी माझ्याच तोंडाने सांगितलं, "निर्णय फिरवला आहे. ठराव मताला टाकते."

मग कुणीतरी सभा विभागायची मागणी केली. म्हणजे हात वर करायचे नाहीत, पायांनी मत द्यायचं. 'हो'वाले खिडक्यांकडे, 'नाही'वाले बास्केटबॉलच्या जाळीखाली. खुर्च्या सरकल्या.

पुढचं आज लिहवत नाही. उद्या लिहिते.

रविवार

चर्चला जाऊन आले. कॉफी थंड झाली, पुन्हा केली, तीही थंड झाली.

जाळीखाली अकरा माणसं होती. एझ्रा होता; तो तुझ्यासाठी गेला की सवयीने, देव जाणे. ग्रंथपाल होती, पाद्री होते, ज्यांना कुणी जेवायला बोलावत नाही ते नवे लोक होते. कोरीनची आई, सिमोन टीबो, आपल्या खुर्चीतून उठलीच नाही. गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी गेली आणि ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली. बसलेल्यांना मोजत नाहीत.

तुझी आई उठली. मला वाटलं, तिला सहन होत नाहीये, बाहेर चाललीय. दार खिडक्यांच्या बाजूला आहे ना. ती दारापाशी गेली आणि थांबली. मग वळून ड्वाइटच्या बायकोशेजारी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

मी वाट बघत राहिले. मोजणारा म्हणाला, "बाई, मोजू का?" मी म्हटलं, "थांब, लोक अजून चालतायत." कुणीही चालत नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, "बाई?"

मग त्याने तुझ्या आईलाही मोजलं.

पाच दिवस झाले, अजून ते माझ्या डोक्यात शिरत नाही. ती माझी धाकटी बहीण आहे. तिला सायकल मी शिकवली. तुझ्या जन्माच्या वेळी तिने माझा हात असा धरला होता की अंगठीचा वळ आठवडाभर राहिला. आणि तिने तुझ्याविरुद्ध मत दिलं, सगळ्या गावासमोर, भर दुपारी.

सभा संपल्यावर ती स्वयंपाकघरात तिचं भांडं घासत होती. मी म्हटलं, "नॅडीन, हे काय केलंस?"

ती वर न बघता म्हणाली, "घासतेय."

"नॅडीन!"

"ओरडू नकोस, हेस्टर, ही शाळा नाही." मग तिने नळ बंद केला. "कोर्टाने शिक्षा त्याला दिली. पण तो तिथं होता, चार भिंतींच्या आत, जिथं सगळे त्याच्यासारखेच. मी इथं होते. दुकानात मी रांगेत उभी राहिले की माझ्या मागचा माणूस दुसऱ्या रांगेत जायचा. सहा वर्षं. तुला ते दिसलं नाही, कारण तुझ्या मागून कुणी निघून जात नाही. तुला सगळे बाई म्हणतात. आज लोकांनी माझ्या हातचं खाल्लं. मी त्यांच्या बाजूच्या भिंतीला उभी राहिले, एवढंच."

"तो तुझा मुलगा आहे."

"माहीत आहे. म्हणून तर दारापर्यंत गेले होते."

मी भांडून आले. काय काय बोलले ते लिहीत नाही, लाज वाटते. घरी येऊन बूट काढताना तिचं 'आज लोकांनी माझ्या हातचं खाल्लं' हे वाक्य मात्र काट्यासारखं रुतलं. ड्वाइटने पाव फिरवून ते भांडं पुसलं तेव्हा तो तिचं मत मागत होता, आणि मी समोर उभी राहून खूश होत होते.

आता तू विचारशील, मावशी, तू कुठल्या बाजूला होतीस? मी टेबलामागे होते. बरोबरी झाल्याशिवाय अध्यक्षाने मत द्यायचं नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. कायदा तसं म्हणत नाही; कायद्याने मला मत आहे. मी जाळीखाली गेले असते तर बारा झाले असते. निकाल बदलला नसता, पण तुला लिहायला मला बारा हा आकडा मिळाला असता. मी हातोडा धरून उभी राहिले आणि त्याला निष्पक्षपणा समजत राहिले. बुधवारी मी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. पुढच्या मार्चपासून मी खाली, सगळ्यांच्या खुर्च्यांत.

आता कामाचं. वकिलाने शुक्रवारी गावच्या पंचांना बोलावून सांगितलं की ठराव पाळला तर गावालाच कोर्टात उभं राहावं लागेल. पंचांनी तो गुंडाळून ठेवला. म्हणजे तू येऊ शकतोस. तुझा तो हक्क मतं मोजून दिलेला नाही, म्हणून मतं मोजून काढून घेता येत नाही. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले, आणि त्याचा अर्थ मला या आठवड्यात कळला.

पण पॅरोलसाठी पत्ता लागतो. तू आईचा दिला होतास. तिने गुरुवारी फोन करून तो मागे घेतला. हे तुला ऑफिसरच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. गावाला तुला बाहेर काढता येत नाही असं कायदा सांगतो; कुणी तुला घरात घ्यावं असं तो सांगत नाही. तिथं त्याचं काम संपतं.

मी माझा पत्ता दिलाय. ऑफिसरने मंजूर केला. वरची मागची खोली, जिथं शिवणयंत्र होतं. तिची खिडकी टीबोंच्या अंगणावर उघडते, मध्ये फक्त एक शेत. म्हणून आज चर्चनंतर मी सिमोनकडे गेले. परवानगी मागायला नाही, पण ती कपडे वाळत घालत असताना तू तिला अचानक खिडकीत दिसावास हेही मला नको होतं.

तिने मला आत घेतलं नाही. दारातच ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी खुर्चीत बसून राहिले म्हणजे त्याला माफ केलं असं समजू नकोस."

मी म्हटलं, "नाही समजत."

"त्या भिंतीला ड्वाइट होता. कोरीनचं नाव घेऊन तो माझ्यासाठी रडतो आणि मग मलाच त्याची समजूत घालावी लागते. आणि जाळीखाली मला जायचं नव्हतं." मग शेतापलीकडच्या माझ्या खिडकीकडे बघून म्हणाली, "राहू दे त्याला. पण त्याला सांग, मी दिसले तर हात करायचा नाही. नमस्कार नाही, सॉरी नाही, काही नाही. जमेल त्याला?"

मी तुझ्या वतीने हो म्हणून आलेय. हे तुला पाळावं लागेल, एमरी, आणि ते पाळणं तुला वाटतं त्याहून जड जाईल. तू लहानपणापासून दिसेल त्याला हात करणारा मुलगा.

इथं सोपं जाणार नाही. दुकानात तुझ्या मागचा माणूस दुसऱ्या रांगेत जाईल. बहुतेक माझ्याही मागचा जाईल आता. आईवर रागावू नकोस असं मी म्हणणार नाही. मीच तिच्याशी नीट बोलत नाहीये. पण ती दारापर्यंत गेली होती, हे लक्षात ठेव. मी तर टेबलामागून हललेही नाही.

दोन एप्रिलला, तू सुटशील तेव्हा, मी तुरुंगाच्या फाटकाबाहेर गाडी घेऊन उभी असेन. जाड कोट आणते. तुझा तुला आता होणार नाही. काल नॅडीनला फोन करून तारीख सांगितली. ती "बरं" म्हणाली. वेळ तिने विचारली नाही.

तरी मी सांगितली.

तुझी, आणि आता तुझ्याच पत्त्यावरची,
हेस्टर मावशी