आठवड्यातून एकदा पुरे

बाबा,

चिठ्ठी मुद्दाम संगणकाच्या पडद्यावर चिकटवली आहे, कारण उठल्यावर चहाच्याही आधी तुम्ही इथेच येता. मी चियायीला मावशीकडे जाते आहे, गुरुवारी परत येईन. मासळीची पेज कुकरमध्ये आहे, गरम करून खा.

आता ऐका. व्हायरसची पूर्ण तपासणी दिवसातून तीनदा करायची गरज नसते. त्याने संगणक नुसता धापा टाकतो आणि माझं भाषांतराचं काम अडून राहतं. मी ती दर रविवारी सकाळी दहाला लावली आहे, तुम्ही देवळासमोर बुद्धिबळ खेळायला जाता तेव्हा. एरवी नव्या फाइलींवर पहारा आपोआप चालूच असतो. वेळापत्रकाला हात लावू नका. लावलात तर मी पुन्हा बदलेन. हट्टाच्या बाबतीत मी तुमच्यावरच गेले आहे.

आईचे फोटो गेले ते तपासणी कमी पडली म्हणून नव्हे. मेलमधून व्हायरस घेऊन आलेली ती फाइल मीसुद्धा उघडली असती. त्या दिवशी मी म्हणाले, “एवढंही कळत नाही का तुम्हाला?” दुसऱ्या दिवसापासून तुमची ही तीन-तीनदा तपासणी सुरू झाली. मी तसं बोलायला नको होतं.

मावशीच्या जुन्या फोनमध्ये आईचे फोटो सापडलेत. ती म्हणाली, “चाळीसेक असतील गं, पण बरेचसे धूसर आहेत.” धूसर तर धूसर, सगळे घेऊन येते. कुठला कधीचा, ते तुम्हालाच सांगावं लागेल.

पेइचेन