पानेरीच्या फळ्यावरची जोडी

वारजे, पुणे
रविवार

प्रिय श्रीधर,

हे पत्र आमच्या अरबाजच्या हाती पाठवतोय. वारज्याहून कोथरूडला पत्र पाठवणारा माणूस तुझ्या ऐकिवात नसेल, पण इलाज नव्हता. ईदनंतर मी तुझ्या दारात येऊन उभा राहिलो, तर चैतालीने सांगितलं की बाबा झोपलेत. सकाळी अकरा वाजता! दुपारी अख्खं पुणं घोरत असताना गच्चीत दुर्बीण घेऊन बसणारा तू. सुनेला खोटं बोलायला लावायचंच तर निदान पटेल असं तरी शिकवावं. असो. हे पत्र तीच तुला वाचून दाखवणार, म्हणून तिलाही सांगतो. चैताली बेटा, हा मध्येच 'पुरे' म्हणेल. तू थांबू नकोस. त्याच्या हातात चहाचा कप दे आणि वाचत राहा.

तू रागावला आहेस हे मला आधी डब्यावरून कळलं. यंदा पाडवा आणि ईद पाठोपाठ आले. सिताराने दरवर्षीसारखा शीरखुर्म्याचा डबा पाठवला आणि तो परत आला घासूनपुसून, रिकामा. तुमच्या घरून आमचा डबा आजवर कधी रिकामा आलेला नाही. वहिनी होत्या तेव्हा पुरणपोळ्या यायच्या. त्या गेल्यावर तू स्वतः केलेली शेंगदाण्याची चटणी यायची, हमखास करपलेली. एकदा घरात काहीच नव्हतं तर तू मूठभर साखर घातली होतीस. सिताराने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मला विचारलं, "काय बोललात तुम्ही भाऊजींना?" मी म्हटलं, काही नाही. तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. आपला तो शेवटचा फोन, ज्याच्यानंतर तू माझ्याशी बोलणं टाकलंस, त्याचं मी पत्राच्या शेवटी लिहिणार आहे. आधी लिहिलं तर पुढचं तू ऐकणार नाहीस.

त्या दिवशी दारातच चैतालीने मला तुझ्या डोळ्यांचं सांगितलं. काचबिंदूने उरलंसुरलंही नेलं, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, आणि डॉक्टरांनी हात टेकले. पुढे म्हणाली की बाबांनी पानेरी सोडली, 'मी तिथे येऊन काय बघणार' असं म्हणाले. मी जिना उतरलो आणि खाली तुमच्या वॉचमनच्या खुर्चीवर बसून रडलो. वॉचमनने मला पाणी दिलं आणि कोणाकडे आला होतात म्हणून नोंदवहीत सही मागितली. पुणं ते पुणंच. घरी आलो तोवर रडण्याची जागा रागाने घेतली होती. मला न विचारता आपलं जाणं बंद करणारा हा कोण? त्या रागात मी पानेरीला एकटाच गेलो.

चैतालीला पानेरी ठाऊक नाही, म्हणून दोन शब्द तिच्यासाठी. तू गप्प ऐक. पानेरी ही चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाला खेटून असलेली वाडी. चैत्रात तिथे गावकरी आणि वनखातं मिळून वसंताचा मेळा भरवतात. मेळा म्हटलं तरी पाळणे नाहीत की भोंगे नाहीत. पहिल्या दिवशी सगळ्यांनी पाणवठ्यातला गाळ उपसायचा, म्हणजे उन्हाळ्यात जनावरांना पाणी राहतं. मग मुलांची पानाफुलांची ओळख, बायकांच्या हातचं जेवण आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळ पठारावर, पाखरांची फेरी. आम्हा दोघांना पाखरांचा नाद कसा लागला तेही सांगतो. शनिवार पेठेत आमचं छत्र्यांचं दुकान. छत्रीवाल्याला शिमग्यानंतर काम नसतं. अशाच एका रिकाम्या दुपारी, चैताली, तुझे सासरे काडी मोडलेली छत्री घेऊन आले आणि छत्री राहिली बाजूला, म्हणाले, "तुमच्या मागच्या पिंपळावर तांबट बोलतोय." मला टुकटुक ऐकू यायची, पण तो पक्षी असतो हे ठाऊक नव्हतं. मी मागे जाऊन मान वर केली आणि शोधून काढला. त्यांना तो पानांत सापडेना. तेव्हापासून हे ऐकणार आणि मी पाहणार असंच चाललंय. ती छत्री तशीच राहिली, अजून माळ्यावर आहे.

पानेरीच्या फेरीचा नियमही नेमका आमच्यासाठी केल्यासारखा. माणसं जोडीने पाठीला पाठ लावून बसतात. एक ऐकणारा, त्याने डोळे मिटायचे. दुसरा पाहणारा. ऐकणाऱ्याने बोट करायचं, पाहणाऱ्याने तिकडे शोधायचं, आणि दोघांचं जुळलं तरच ते पाखरू शाळेच्या फळ्यावर लिहायचं. एकट्याचं खरं धरत नाहीत. त्यामुळे फुशारकी मारणारे पुणेकर पहिल्याच वर्षी गळतात. श्रीधर, आपण टिकलो ते तुझ्या कानांमुळे, हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच शेफारतोस.

आता यंदाचं. सड्याच्या कडेला अंजनी फुलली होती, खोडापासून फांदीपर्यंत निळी जांभळी. तुला दिसत नाही म्हणून मी रंग वगळणार नाही, तुला ते अपमानासारखं वाटेल हे मला माहीत आहे. करवंदीवर हिरवी करवंदं धरली होती. पाणवठ्याजवळच्या जांभळीवर शेकरूने नवं घरटं बांधलंय आणि जुनंही सोडलेलं नाही, कोथरूडमध्ये फ्लॅट घेऊन पेठेतली जागा न सोडणाऱ्यांसारखं. मी गाळ उपसला. पाठ धरली. गोदाबाईंनी नाचणीची भाकरी आणि झुणका वाढताना विचारलं, "भाऊ, तुमचं जोडीदार कुठं हायत?" मी म्हटलं, बरं नाही त्यांना. त्यांनी भाकरीवर आणखी एक भाकरी ठेवली.

जोडीला मला मिळाली हेमा, हिंजवडीत कॉम्प्युटरचं काम करणारी मुलगी. ती म्हणाली, "काका, तुम्ही सीनियर, तुम्ही ऐका. मी स्पॉट करते." मी मोठ्या ऐटीत डोळे मिटून बसलो. आणि श्रीधर, रान गप्प होतं. अगदी लांबून एखादा कुटुर्गा आणि मोर, बस्स. भृंगराज नाही, हळद्या नाही, सूर्यपक्ष्यांची किचकिच नाही. माझं बोट काही उठेना. मला इतकं वाईट वाटलं की फेरी संपल्यावर मी सगळ्यांसमोर उभा राहून भाषणच ठोकलं. पाखरं संपत आली, आपण उशीर केला, खातं झोपा काढतंय, वगैरे. वनरक्षक बद्रीनाथ बिचारा खाली मान घालून ऐकत होता. हेमा माझ्याकडे बघत होती. मग आम्ही शाळेत गेलो, तर फळा खालपर्यंत भरलेला. भृंगराज तर प्रत्येक जोडीने लिहिला होता. रिकामी होती ती फक्त आमची ओळ. मी लोकांना म्हटलं, तुम्ही नियम पाळत नाही. वर हेही म्हटलं!

हेमाने परतीच्या एसटीत कऱ्हाडच्या स्टँडवर मला मोबाइल दाखवला. त्यावर तिने मराठीत लिहिलं होतं, 'काका, राग मानू नका. तो भृंगराज आपल्या डोक्यावरच बोलत होता. माझ्या आजोबांचंही असंच झालं होतं. एकदा कान तपासून घ्या.' मी राग मानला. साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. पण मग एकेक गोष्ट आठवायला लागली. अरबाज दुकानात गिऱ्हाइकाला माझ्या आधी उत्तर देतो ते का, सितारा हल्ली समोर येऊन का बोलते, आणि मी फोनवर सगळ्यांना 'हो हो' का म्हणत असतो. पुण्यात आल्यावर डॉक्टरकडे गेलो. पाखरांचे बारीक आवाज माझ्या कानांतून केव्हाच गेलेत आणि माणसांचेही जायच्या बेतात आहेत. आता यंत्र घातलंय. त्यात कुकरच्या शिट्ट्या आणि सिताराचं माझ्याविषयीचं पुटपुटणं दोन्ही साफ ऐकू येतं. फोन कानाला लावला की मात्र नुसतं शीळ घालतं. आणि रानात आवाज कोणत्या दिशेचा ते यंत्राने कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तर आता तो फोन. यंत्र लागल्यावर मी चैतालीला मेसेज करून विचारलं, बेटा, त्या दिवशी बाबा फोनवर मला नेमकं काय म्हणाले होते? तिने लिहून पाठवलं. तू म्हणालास, 'रज्जाक, आता काही दिसणार नाही, डॉक्टरांनी सांगितलं. पानेरी संपली माझी.' आणि मी म्हणालो, 'वा वा, उत्तम! मग पक्कं.' मला वाटलं तू मेळ्याची तारीख सांगतोयस. एक अक्षर मला ऐकू आलं नव्हतं, श्रीधर. तुझ्या आयुष्यातली सगळ्यात काळी बातमी तू आधी मला सांगितलीस, आणि मी शाबासकी दिली. हे तुला समोर सांगायला आलो असतो, पण तू सकाळी अकराला झोपतोस. म्हणून बहिऱ्याने आंधळ्याला पत्र लिहिलंय. हसू आलं तर हस, मीही लिहिताना हसलोय. आता कामाचं. वैशाखी पौर्णिमेच्या आदल्या रविवारी पानेरीला पाणवठ्यांवर पाखरांची दुसरी फेरी आहे आणि मी फळ्यावर आपली दोघांची नावं लिहून आलोय. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. तू नसलास तर माझी ओळ रिकामी राहते, मी ती पाहून आलोय. वाटेवर माझ्या खांद्यावर हात ठेव, दगड आला की मी सांगेन. पाखरू बोललं की ज्या बाजूला असेल त्या खांद्यावर थाप मार, मी शोधेन आणि कसं दिसतं ते तुला सांगेन, तुझं समाधान होईपर्यंत. पत्रासोबत तोच डबा पाठवलाय. त्यात गोदाबाईंनी तुझ्यासाठी दिलेलं करवंदाचं लोणचं आहे. फोन करू नकोस, मला ऐकू यायचं नाही. अरबाज उद्या डबा न्यायला येईल. येणार असशील तर त्यात काहीतरी घालून पाठव. मूठभर साखर असली तरी चालेल.

डब्याची वाट पाहणारा,
तुझाच
रज्जाक