तुझं नाव घेतलं आणि उचकी थांबली

जुना जालना,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ताईस,

कल्याणीचा नमस्कार. माझं अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला टाकशील, म्हणून वरचा पत्ता अवधूतकडून लिहून घेतलाय. फोनवर मला ब्लॉक केलंस, पोस्टमनला कसं करशील?

आम्ही सगळे बरे आहोत. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. चष्मा नको म्हणून हट्ट चाललाय. काल आईची तिथी केली. खीर नेहमीप्रमाणे जास्त झाली, तुझ्या वाट्याची उरली.

अक्षर मोठं आहे कारण स्केचपेनने लिहितेय. मध्येमध्ये उडालंय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मला लकवा झाला होता असं मावशीने तुला सांगितलं असेल. लकवा नव्हता. काय होतं ते नीट सांगते, नाहीतर तू चारचौघांकडून भलतंच ऐकशील.

गेल्या उन्हाळ्यात मला उचकी लागली. जेवताना, बोलताना, झोपेतसुद्धा. अधूनमधून उलटी व्हायची. सासूबाई म्हणाल्या, "कोण आठवण काढून राह्यलं गं तुझी एवढी? नावं घे एकेकाची, जल्दी थांबंल." मग घरभर तोच खेळ. शेजारीपाजारी झाले, ऑफिसमधले झाले, अवधूतने तर गॅस सिलिंडरवाल्याचंही नाव घेतलं. तुझं मात्र कुणी घेईना. आईवरून आपलं भांडण झाल्यापासून घरात तुझं नाव निघालं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

शेवटी एका संध्याकाळी सासूबाईच हळूच म्हणाल्या, "मंग जान्हवी असंल."

आणि उचकी थांबली. शपथ घेऊन सांगते ताई, खरंच थांबली. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावून रडले.

थोड्या वेळाने परत सुरू झाली तेव्हा मला आनंद झाला. येडी म्हण हवं तर. डॉक्टरांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या मी धड घेतल्याही नाहीत. अवधूत मोठ्या डॉक्टरकडे चल म्हणायचा, मी आज-उद्या करायची. फोन ओट्यावर गॅसजवळ ठेवायची, तू अनब्लॉक करून लावलास तर वाजेल म्हणून. पंधरवड्याने उचकी आपोआप गेली. तेव्हा मला तुझा इतका राग आला की विचारू नकोस. एवढ्यात विसरलीस?

पुढचं कंपनीत कळलं. आमच्याकडे कपाशीच्या बियाण्याला औषधाबरोबर लाल रंग चढवतात, माहितीये ना? एका सकाळी मला सगळं बियाणं फिकट दिसलं. मशीनवर भुजंग होता, त्याला झापलं. तो म्हणाला, "म्याडम, रंग बराबर हाये. सकाळपासून ह्योच लावून राह्यलो." मी लॉट अडवून धरला. मग सहज डोळा चोळायला एक हात वर केला, तर बियाणं लालभडक. दुसरा डोळा झाकला, तर धुऊन धुऊन विटलेल्या साडीसारखं. खोट माझ्या डाव्या डोळ्यात होती.

चार दिवसांत तो डोळा अंधारला. मग कमरेखाली बधिरपणा आला, पायातली चप्पल निघून गेली तरी कळेना. लघवीसुद्धा अडली. संभाजीनगरला नेलं तेव्हा अवधूतने मला उचलून गाडीत ठेवलं होतं.

तिथल्या डॉक्टर बाईंनी डोळे तपासले, पाय तपासले आणि विचारलं, "त्याआधी बरेच दिवस उचकी किंवा उलट्या होत्या का?" अवधूतने उचकी, नावं घ्यायचा खेळ, सगळं सांगून टाकलं. एमआरआय झाला, रक्त पुण्याला पाठवलं. आपल्या शरीराचं रक्षण करणाऱ्या अँटिबॉडीज आपल्यावरच उलटतात आणि डोळ्याची नस, मज्जारज्जू यांना सूज आणतात, असा हा आजार आहे. लाखात एखाद्याला होतो, बायकांना जास्त. मेंदूच्या तळाशी उलटी-उचकीची जागा असते, तिथे सूज आली की उचकी थांबत नाही. "तेव्हाच आला असतात तर कदाचित डोळा वाचला असता," बाई म्हणाल्या.

डोळ्याचं दुःख मला नंतर झालं. आधी मनात आलं, म्हणजे ताईने आठवण काढलीच नव्हती.

स्टेरॉइडची सलाइन झाली. मानेत नळी घालून रक्तातला प्लाझ्मा काढून बदलला, तोही पुन्हा पुन्हा. पाय परत आले. डावा डोळा बटर पेपरमधून बघितल्यासारखाच राहिला. सूज पुन्हा येऊ नये म्हणून दर सहा महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यायचं. बाईंनी निघताना बजावलं होतं, "उचकी लागली आणि थांबली नाही, तर नावं घेत बसू नका. तडक इथे या."

डिसेंबरमधलं इंजेक्शन मी सासूबाईंच्या ऑपरेशनमुळे पुढे ढकललं. मग संक्रांत आली, मग आईची तिथी.

ताई, हे अक्षर उचकीनेच उडतंय. काल नैवेद्याचं पान वाढताना सुरू झाली. कालपासून मी नळ सोडून, मिक्सर लावून लपवतेय. सगळं कळूनही. एमआरआयची फिल्म कपाटात असूनही! कारण काल आईची तिथी होती. तुला आई आठवली असणार, आणि आईबरोबर मी. ही उचकी तुझी आहे की आजाराची, हेच कालपासून ठरवत बसलेय. एकदा तू येतेयस का बघायला दारात जाते, एकदा सांगून टाकावं म्हणून अवधूतच्या मागे उभी राहून परत येते.

मघाशी प्यायलेला चहा उलटून पडला. मग डावा डोळा झाकून चांगल्या डोळ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरमधला आजचा रविवार बघितला. अजून लाल आहे. उद्या असेल का, कुणास ठाऊक.

आत्ताच पेन ठेवून अवधूतला सांगून आले. तो चपला न घालताच गाडी काढायला धावला. सासूबाईंनी माझी उचकी ऐकली, सवयीने "कोण आठव..." एवढं म्हणाल्या आणि तोंडावर हात ठेवला. आता माझी बॅग भरतायत. पत्र वाटेत पेटीत टाकेन.

मानेतल्या त्या नळीची मला फार भीती वाटते. तू यावंस असं वाटतं. आईला मी अडवून ठेवलं नव्हतं, ती आपणहून माझ्याकडे राहिली, हे मी आजही म्हणेन. त्यावर समोर बसून हवं तेवढं भांड.

फक्त एक सांग. गेल्या उन्हाळ्यात, एकदा तरी, मी आठवले होते का तुला? नसले तरी हो म्हण.

अवधूत हॉर्न वाजवतोय. आठवण काढत राहा गं. मला उचकी लागणार नाही एवढं औषध आता ते देतील, तरी मला कळेल.

तुझीच,
कल्याणी