सगळ्याला पाणी म्हणणारा मीटर

लायलमामा, “जिभेनं जमतं त्याला यंत्र कशाला” हे तुम्ही चौथ्यांदा लिहिलंत आणि मला चौथ्यांदा राग आला. नमस्कार त्यानंतरचा समजा. गुडघा कसा आहे? इथे खाणीवर मी ठीक. लाल धूळ नाकात, कानात, पावातसुद्धा.

तर व्हेरामामीच्या पिंपातली आंबट बिअर मेली, तिचं पाणी झालं, ईस्टरला ओतून टाकणार म्हणता. (जायच्या आधी महिनाभर तिनं ते पिंप भरलं. तिच्या हातचं तेवढंच उरलंय.) त्यातलाच गाळ बाटलीतून आणून मी इथे पलंगाखाली बादलीत बिअर लावलीय. मामा, ती बादली श्वास घेते. झाकणातल्या नळीतून एक बुडबुडा येतो, मग कुणी बोलू की नको ठरवतंय एवढी शांतता, मग दुसरा. झाकण उघडलं तर वर पांढरी साय आणि सायीवर पाच बोटं टेकल्यासारख्या वळ्या. माझ्या खोलीत राहणारा डूगन म्हणाला, “तुझ्या मामीला सांग, या खोलीचं भाडं मी भरतो,” आणि गादी उचलून शेजारी गेला.

ती नुसती आंबतेय ना, एवढं बघायला मी आंबटपणा मोजणारा पीएच मीटर घेतला, दुकानातला सगळ्यात स्वस्त. आकडा आला सात, म्हणजे साधं पाणी. मेलेली म्हणावी, तर बुडबुडे चालूच. मग लिंबू मोजलं, सात. व्हिनेगर, सात. पाय वर घेऊन पलंगावर बसलो. जगातला सगळा आंबटपणा कुणी हळूच काढून नेलाय आणि मला एकट्यालाच कळलंय, असं वाटलं. डूगन दारातूनच म्हणाला, “येड्या, टोक कशात ठेवलं होतंस?” मी तर रोज पुसून, कोरडं करून, मोज्यात ठेवायचो. ते काचेचं टोक मीटरसोबत मिळणाऱ्या खारट पाण्यात ठेवायचं असतं म्हणे. वाळलं की मरतं आणि मग सगळ्याला पाणीच म्हणतं. त्यानं खाणीच्या प्रयोगशाळेतला मीटर मागून आणला. लिंबू दोन पूर्णांक तीन, बादली तीन पूर्णांक चार. घोट घेतला. मामीचीच.

तरी तेव्हापासून मला चैन नाही. तुमची जुनी पत्रं काढून वाचली. त्या हिवाळ्यातल्या तापानंतर प्रत्येक पत्रात तेच. शेजारच्या नोलाच्या लोणच्याला चव नाही, व्हिनेगर पाणचट, कॉफीत फसवतात.

तुमचा मर्व्ह

ता. क. पिंपाला हात लावू नका. आधी नोलाला घोटभर द्या. तिचं तोंड वाकडं झालं तर पिंप जिवंत आहे. मग तिच्याच गाडीतून डॉक्टरांकडे जाऊन जीभ दाखवा.

ता. क. दुसरा. मीटर घ्याच, टोक बदलता येणारा, आकडा बरोबर येतो का ते जुळवून बघायच्या दोन्ही पाण्यांसकट. तुमच्यावर अविश्वास म्हणून नाही. (थोडा आहे.) सोबत दोनशे दहा डॉलर.